जमिनीपासून दोन फूट चार इंच

मुलाखतीला गेले तेव्हा सरांनी माझं शिक्षण विचारलं नाही. बसा म्हणाले. मी बसले. मग त्यांनी खिशातून सुताराची घडीची पट्टी काढली, उलगडली, एक टोक फरशीवर टेकवलं आणि पट्टी माझ्या नाकाला लागेल इतकी जवळ उभी धरून म्हणाले, "हलू नका. समोर बघा." मी समोर बघितलं. समोर प्लायवूडच्या कंपनीचं कॅलेंडर होतं.

"तीन फूट आठ इंच. ठीक आहे. सोमवारपासून या."

घरी येऊन सांगितलं की नोकरी लागली. आमचे 'हे' म्हणाले, "कशाच्या जोरावर?"

"तीन फूट आठ इंचांच्या."

ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. पुण्यात नवऱ्याला एवढा खुलासा पुरतो.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी एक नंबरची आगाऊ बाई होते. छत्तीस वर्षांची, दोन मुलं शाळेत, आणि नारायण पेठेतल्या एका क्लासात तीन महिने कॉम्प्युटर शिकलेली. सर्टिफिकेट लॅमिनेट करून देवांच्या शेजारी टांगलं होतं. केस खांद्यापर्यंत कापून आले होते आणि प्रत्येक वाक्य 'ॲक्चुअली'नं सुरू करायचं व्रत घेतलं होतं. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय करतेस गं हल्ली?" मी म्हटलं, "ॲक्चुअली काकू, मी थ्री-डीमध्ये असते." काकूंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "मग आता बरं वाटतंय ना?"

सरांचं ऑफिस बिबवेवाडीत, प्लायवूडच्या दुकानाच्या डोक्यावर होतं. लोखंडी जिना, दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर आणि एक सर. मागे पत्र्याच्या शेडमध्ये मिस्त्री बसत. पूर्वी लोक मिस्त्रींना सांगत, "शेजारच्यांसारखं कपाट करून द्या," आणि कपाट व्हायचं. आता नव्या कंपन्या आल्या होत्या, नवे फ्लॅट होत होते, आणि त्यात राहायला येणाऱ्या मंडळींना जे कपाट अजून झालेलंच नाही त्याचा फोटो आधी बघायचा होता. तो फोटो आम्ही काढायचो. म्हणजे कॉम्प्युटरवर कपाट उभं करायचं, त्याला लाकडाचं पांघरूण घालायचं, उजेड सोडायचा, आणि गिऱ्हाइकानं "अगदी खऱ्यासारखं आहे हो" म्हणेपर्यंत बटणं दाबत राहायचं.

सर आधी पिंपरीकडच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. सव्वीस वर्षं उभ्यानं बोर्डावर रेघा मारल्या. मग बोर्ड गेले, कॉम्प्युटर आले, आणि सरांना सन्मानानं घरी जायला सांगण्यात आलं. त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल तर कॉम्प्युटर विकत घेतला. मी एकदा विचारलं, राग नाही आला का? म्हणाले, "ज्यानं मला घरी बसवलं, त्याला मी घरी आणून बसवला. आता तो जागचा हलत नाही, मी जिने चढतो-उतरतो. कोण जिंकलं?" हे ते थट्टेनं म्हणाले की मनापासून, मला कळलं नाही. सरांचं निम्मं बोलणं मला कळायचं नाही आणि उरलेलं निम्मं कळलं असं वाटायचं, ते जास्त धोक्याचं असे.

कॉम्प्युटरला ते कॉम्प्युटर म्हणत नसत. 'हा' म्हणत. "ह्याला विचारा." "ह्याला उकडतंय, पंखा इकडे करा." चित्र तयार व्हायला तेव्हा तीन-तीन, चार-चार तास लागत. पडद्यावर वरून एकेक ओळ उमटत खाली यायची. मी टक लावून बसले की सर स्वयंपाकघरातल्यासारखा पंचा आणून मॉनिटरवर टाकत. "झाकून ठेवा. सारखं उघडून बघितलं की फुगत नाही." मी क्लासात शिकलेली बाई. मला माहीत होतं की पंचानं काही फरक पडत नाही. पण एकदा ते नसताना मी पंचा काढून बसले आणि नेमकं तेव्हाच मशीन बंद पडलं. त्यानंतर मी स्वतःच पंचा घालू लागले. घरी मात्र कुणाला सांगितलं नाही.

फर्निचर खरं दिसलं पाहिजे, ही त्यांची एकच मागणी. पण खरं म्हणजे काय, यावर त्यांचं आणि सगळ्या पुण्याचं पटत नसे. मी हौसेनं खिडकीतून सोनेरी ऊन सोडायची. सर म्हणायचे, "बिबवेवाडीत समोरच्या इमारतीनं परवानगी दिली तर येईल हे ऊन. ट्यूब लावा. चार फुटी. एका टोकाला जरा काळी पडलेली." मी मखमली सोफा काढायची. "कव्हर घाला. कव्हराशिवाय सोफा फक्त पाहुण्यांना दिसतो, घरच्यांनी बघितलेला नसतो." टीपॉयवर मी फुलदाणी ठेवायची, ते ती उचलून तिथं वर्तमानपत्र, चष्म्याचं घर आणि औषधाची पट्टी ठेवायचे. गिऱ्हाईक चित्र बघून म्हणे, "सर, हे तर आमचं जुनंच घर दिसतंय." सर खूश व्हायचे. त्यांना ती शाबासकी वाटायची.

आणि ह्या सगळ्याच्या वर त्यांचा तो प्रश्न. कुठलंही चित्र सुरू करायच्या आधी विचारायचे, "कुणाच्या डोळ्यांनी?"

कॉम्प्युटरमध्ये एक कॅमेरा असतो. खरा नव्हे, नुसती एक खूण. तो जिथं ठेवाल तिथून चित्र दिसतं. आमच्या मशीनमध्ये तो आपोआप साडेपाच फुटांवर लागे. सगळं जग तो तिथंच ठेवून मोकळं होई. सर मात्र वैतागत. "साडेपाच फुटांवर डोळे असलेला माणूस स्वतःच्या हॉलमध्ये उभा कधी राहतो? भाडं मागायला आला तर." म्हणून ते गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन माणसं मोजत. माझी मुलाखत का तशी झाली ते मला तेव्हा कळलं. मी खुर्चीवर बसून जग कुठून बघते, एवढंच त्यांना हवं होतं.

एका जोडप्याला जेवणाचं टेबल करून हवं होतं. त्यांचं बाळ दहा महिन्यांचं. सरांनी नवऱ्याच्या डोळ्यांनी एक चित्र काढलं, बायकोच्या डोळ्यांनी एक, आणि एक रांगणाऱ्या बाळाच्या डोळ्यांनी. त्यात टेबलाची खालची बाजू, आणि तिच्यावर मिस्त्रींनी पेन्सिलीनं लिहून ठेवलेले मापांचे आकडे. तो नवरा चित्र उलटसुलट करून बघत राहिला. "सर, हे वर काय लिहिलंय?"

"मिस्त्रींचं अक्षर आहे. पुसणार नाहीत ते. तुमचं बाळ हेच वाचून मोठं होणार."

ते जोडपं दुसरीकडे गेलं. अशी बरीच गेली. उरायची ती बहुधा घाईत असलेली किंवा फार सभ्य माणसं.

वारज्याचं कुटुंब दुसऱ्या प्रकारातलं. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, सूनही कंपनीत, दोघंही वर्ध्याकडची. नवा दोन बेडरूमचा फ्लॅट. आणि मुलाची आई. वडील गेले होते, गावच्या घरात त्या एकट्याच उरल्या होत्या, म्हणून मुलानं तीन महिन्यांसाठी म्हणून त्यांना इकडे आणलेलं.

आम्ही मापं घ्यायला गेलो तेव्हा हॉल रिकामाच होता. भिंतीवर बुद्धाची तसबीर, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून फरशीवर बसलेल्या त्याच्या आई, मी त्यांना आजीच म्हणू लागले, तांदूळ निवडत होत्या. मुलगा कागदावर आपली यादी घेऊन उभा. एल आकाराचा सोफा, सहा खुर्च्यांचं टेबल, आणि मुख्य म्हणजे दारातून आल्याबरोबर चार फूट उंचीचं शोकेस. खाली चपला, वर त्याची शाळा-कॉलेजातली बक्षिसं. ते यादीत पहिलं होतं आणि त्याच्याखाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

सरांनी मुलाला मोजलं, सुनेला मोजलं आणि पट्टी घेऊन आजींच्या समोर उकिडवे बसले.

"माह्यं कायले मोजता जी?" आजी म्हणाल्या. "मी तर तीन महिन्यासाठी आली. मंग जातो."

"राहिलात तर?"

"राहिली तर मोजा तवा."

"तेव्हा फर्निचर झालेलं असेल. मान सरळ ठेवा. दोन फूट चार इंच." सरांनी वहीत लिहिलं. "इथंच बसता रोज?"

"मंग कुठं बसू? खुर्चीवर पाय लोंबतेत."

"इथून तुम्हाला काय दिसायला हवं?"

आजींनी पहिल्यांदा तांदळातून मान वर केली. मला वाटतं, ह्या घरात त्यांना हे कुणी विचारलं नसावं. "दार," त्या म्हणाल्या. "दार दिसलं पायजे. कोन आलं, कोन गेलं, समजते."

मुलगा आम्हाला जिन्यापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "सर, हॉल असा करा की आई राहिली पाहिजे. तिकडं तिला बघणारं कुणी नाही. ती तीन महिने तीन महिने करते, पण हॉल बघून तिला वाटलं पाहिजे की हे आपलं घर आहे. एवढं बघा."

मी लगेच म्हटलं, "ॲक्चुअली, डोंट वरी." सर जिना उतरू लागले.

सरांनी तीन चित्रं काढली. मुलाचं छान होतं. सुनेचंही छान होतं. तिसरं मी दोनदा बघितलं. डोळ्यांसमोर जेवणाच्या टेबलाची कड, सुरीच्या पात्यासारखी आडवी. तिच्याखाली खुर्च्यांच्या पायांचं रान. त्यापलीकडे सोफ्याची पाठ, तीही मागची, जिला मिस्त्री हलकं काळं कापड लावून पिना मारतात ती. आणि जिथं दार असायला हवं तिथं शोकेसची चार फुटी पाठ. दार नाहीच. दाराच्या चौकटीची वरची पट्टी तेवढी.

"सर, असं दाखवायचं?"

"असं दिसणार आहे."

"मग शोकेस दुसरीकडे ठेवा ना."

"यादी त्यांची. घर त्यांचं. मी फक्त चित्र काढतो."

मला काहीच कळेना. चूक दिसतेय, तरी माणूस ती सुधारत नाही, उलट तिला चार तास पंचाखाली शिजवून झकपक काढतो. हे शहाणपण म्हणायचं की आडमुठेपणा, मी आजतागायत ठरवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांची दाढ सुजली. गालाला मफलर बांधून त्यांनी मला सांगितलं, "तिन्ही घेऊन जा. बोलू नका. नुसती दाखवा."

आता माझं शहाणपण ऐका. मी विचार केला, मुलाला आई राहायला हवी आहे. आईला दार हवं आहे. आणि हे चित्र बघून ती माउली तिकीटच काढेल. मग मी काय केलं? सर घरी गेल्यावर कॅमेरा उचलला आणि साडेपाच फुटांवर नेऊन ठेवला. तिथून शोकेसच्या डोक्यावरून दार लख्ख दिसत होतं. खिडकीतून सोनेरी ऊन सोडलं. टीपॉयवर फुलदाणी ठेवली. वर पंचा घातला, तो बरीक विसरले नाही. छापून काढलं आणि खाली सुंदर अक्षरात लिहिलं, 'आईंसाठी'. आपण एक कुटुंब सावरलं असं वाटून मी त्या दिवशी येताना आंबा बर्फी घेऊन आले.

वारज्याला मुलगा चित्रं बघून खूश झाला. "ग्रेट आहे मॅडम." सून म्हणाली, "ऊन किती मस्त आलंय." त्या घराला ऊन येत नव्हतं, पण आपण कशाला बोला. आजींनी हात पुसले आणि विचारलं, "माह्यं कोनतं?"

मी 'आईंसाठी' पुढे केलं.

त्यांनी ते फरशीवर ठेवलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "हे माह्यं नाही, बाई."

"तुमचंच आहे आजी. हे बघा, दारसुद्धा दिसतंय."

"दार दिसते. पण शोकेसच्या वरतून दिसते. मी खाली बसली तर वरतून कशी पाहीन? याच्यात तर मी उभी हाय." आणि कागद माझ्याकडे परत सरकवून म्हणाल्या, "उभी राहून कोनी घरात राह्यते का? उभं तर निघाच्या वक्ताले राह्यते."

तीन महिन्यांचा क्लास केलेल्या बाईला तीन मिनिटांत पकडलं. चित्रात कॅमेरा कुठं आहे ते बघून ओळखणं मला क्लासातल्या मास्तरांनीसुद्धा शिकवलं नव्हतं.

मी ऑफिसात येऊन सगळं सांगितलं. सर मफलरातून बघत होते.

"कॅमेरा कुठं ठेवलात?"

"साडेपाच फुटांवर."

"त्या बाई दोन फूट चार इंच. मधले तीन फूट दोन इंच कुठून आणलेत?"

"ॲक्चुअली सर, मला वाटलं..."

"तुमच्या ॲक्चुअलीची उंची काय?"

मग त्यांनी मला शिक्षा केली म्हणा किंवा शिक्षण दिलं म्हणा. त्या दिवशी मी दुपारभर ऑफिसच्या फरशीवर बसायचं आणि काय काय दिसतं ते लिहून काढायचं. नेमकी त्या दिवशी मी आयुष्यातली पहिली पँट घालून आले होते. बसले खरी, पण उठता येईना. शेवटी मिस्त्रींना वर बोलवावं लागलं. त्यांनी हात दिला आणि अगदी सभ्यपणे खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्या यादीत सतरा गोष्टी होत्या. त्यातली एक अशी की सरांच्या टेबलाच्या खालच्या बाजूला कुणीतरी च्युइंगगम चिकटवलेलं होतं. सर म्हणाले, "ते तुमच्या आधीच्या मुलीचं. ती उभ्यानं गेली."

रविवारी सर स्वतः वारज्याला निघाले, मला घेऊन. तिसरं चित्र गुंडाळून काखेत. फरशीवर आजींसमोर उलगडलं, चारी कोपऱ्यांवर डाळ-तांदळाच्या डब्यांची झाकणं ठेवली.

मुलगा वाकून बघत होता. त्याचा चेहरा उतरत गेला. "सर, हे काय आहे? हे खालून का काढलंय? मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

आजी बघत होत्या. टेबलाच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं, मग खुर्च्यांच्या पायांवरून, मग सोफ्याच्या काळ्या पाठीवरून. शोकेसपाशी बोट थांबलं.

"सर, तुमी बराबर काढलं," त्या म्हणाल्या. "मले वाटे का मले उगाच वाटते. आता समजलं का खरंच हाय." आणि मुलाकडे न बघता म्हणाल्या, "बापू, गाडीचं तिकीट पाय. आठवड्यातलं पाय."

मी सरांकडे बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा माझ्यासारखा झाला होता. म्हणजे काहीच न कळल्यासारखा. चित्र खरं होतं. चित्र बघून बाई निघाल्या होत्या. आणि माझं खोटं चित्र, त्याला निदान कुणी तिकीट मागितलं नव्हतं. मी हे मनात म्हणत होते. तोंडातून काढायची माझी छाती नव्हती.

"आई, काहून असं करतेस वो?" मुलाची कंपनीतली मराठी गळून पडली होती. "नुसतं चित्र हाय ते."

"चित्र हाय म्हनूनच पायलं. घर झाल्यावर पायलं असतं त मंग बोलली असती का मी?"

सरांनी घसा खाकरला. पट्टी उघडली, पुन्हा मिटली. मग पेन्सिल काढून आजींपुढे धरली. "ताई, तुम्ही सांगा. काय हलवू?"

"मी काय सांगू जी. मले नाही समजत तुमचं."

"मलाही नाही समजलं. म्हणून विचारतोय."

आजींनी पेन्सिल घेतली नाही, बोटानंच दाखवू लागल्या. टेबल भिंतीकडे सरकवा, चार खुर्च्या पुरेत. सोफ्याचं हे तोंड तिकडं करा. सर प्रत्येक ठिकाणी बारीक बाण काढत होते. बोट शोकेसवर आलं आणि तिथून उचललं गेलं. "ते राहू द्या. त्याची बक्षिसं हायेत त्याच्यात."

"मग दार दिसणार नाही."

"नाही दिसलं त नाही. बक्षिसं कोनाले तरी दिसली पायजेत ना. आल्या-गेल्याले."

मुलगा इतका वेळ वरून बघत होता. चांगला सहा फुटांचा. तो आधी वाकला, मग गुडघ्यावर आला, मग आईच्या शेजारी भिंतीला टेकून बसला. मान वाकवून आईच्या खांद्याइतकी खाली आणली आणि रिकाम्या हॉलमधून समोर बघितलं. समोर दार होतं. अजून शोकेस झालेलं नव्हतं, म्हणून दिसत होतं. सून स्वयंपाकघरात जाऊन उगीच नळ सोडून आली.

"सर," तो शेवटी म्हणाला, "शोकेस बेडरूममध्ये घ्या. नाहीतर नकोच."

सर परत येताना स्वारगेटला बसमधून उतरल्यावर म्हणाले, "बाई, ते चित्र दाखवायला नको होतं, असं वाटतं का तुम्हाला?" मी आयुष्यात पहिल्यांदा 'ॲक्चुअली' म्हटलं नाही. म्हटलं, "माहीत नाही, सर." ते म्हणाले, "हं. मलाही."

फर्निचर दोन महिन्यांत झालं. आजी तिकीट रद्द करून थांबल्या होत्या, पण 'दिवाळीपर्यंत' म्हणून. मी फोटो काढायला वारज्याला गेले, खरे फोटो. घरात आजी एकट्या होत्या. भिंतीला टेकून बसलेल्या, समोर हॉल मोकळा आणि दार सरळ डोळ्यांसमोर. मी भारी खुशीत विचारलं, "काय आजी, दिसतं ना दार?"

"दिसते." त्यांनी दाराकडे बघितलं. "सकाळी आठ वाजता दोघं जातेत, रात्री येतेत. मधात दार दिसते. पन येते कोन?" आणि मग जरा वेळानं, "दिवाळी झाली का जातो मी."

हे मी सरांना सांगितलं. सांगायला नको होतं, पण माझ्या पोटात काही राहत नसे. सर ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी पंचा उचलला आणि मॉनिटरवर घातला. मशीन बंद होतं.

आता सरांबद्दल एक सांगायचं राहिलं. ते कुणाकडेही जात नसत. बहिणीकडे राखीला नाही, मित्राकडे चहाला नाही. लग्नाला तर नाहीच; भाड्याच्या खुर्च्या बघवत नाहीत म्हणायचे. मापं घ्यायचं काम नसेल तर दुसऱ्याच्या दाराची बेल त्यांनी दाबली असेल असं मला वाटत नाही. आणि गुरुवारी आमच्याकडे वीज नसे, त्या दिवशी ते ऑफिसात बसून पेन्सिलींना टोकं करत. पण त्या पावसाळ्यानंतर गुरुवारी सर दिसेनासे झाले. मिस्त्रींना विचारलं, ते म्हणाले, "गेले." कुठं, ते माहीत नाही. मी माझ्या स्वभावाप्रमाणे नाना तर्क केले. दवाखाना, कोर्ट, आणि खोटं कशाला बोलू, एक बाईही.

दिवाळी होऊन गेली. जानेवारीतल्या एका गुरुवारी मी वारज्याला कपाटाची एक किल्ली द्यायला गेले. बेल वाजवली. आजींनी दार उघडलं. आत भिंतीशी, आजींच्या जागेच्या समोर, सर मांडी घालून बसले होते. पुढ्यात सुपात तुरीच्या शेंगा. पट्टी खिशातच होती.

"तुम्ही कशाला आलात?" सर म्हणाले. "ऑफिसात कोण आहे?"

"कोणी नाही. लाइट नाही. तुम्ही इथं काय करताय?"

"फर्निचर तपासतोय."

"तीन महिन्यांपासून तपासून राहिले," आजी म्हणाल्या. "दर गुरुवारी अकरा वाजता. बेल वाजवतेत, चहा पेतेत, चार शेंगा सोलतेत, जातेत. बोलत काही नाही. मी इचारलं, का जी, काही बिघडलं का? त म्हनते, बिजागरी आवाज करते का पायतो."

"करते?" मी विचारलं.

"नाही करत," सर मान खाली घालून म्हणाले. "पण करेल."

सोफ्यावर बसायला मी वळले, तर आजींनी सूप तिघांच्या मध्ये सरकवलं, म्हणून खाली बसले. शेंगा कोवळ्या होत्या. मी म्हटलं, "आजी, तुम्ही दिवाळीनंतर जाणार होतात ना?"

"जानारच होती." त्यांनी शेंग फोडली, दाणे सुपात पडले. "पन याईचा गुरुवार असते. मी गेली त याईले दार कोन उघडन?"

सरांनी शेंगांचा एक मोठा ढीग माझ्याकडे सरकवला.